दुसऱ्या मंगळ्याचं पार्सल

आमच्याकडे पोर मंगळवारी झालं की मंगळ्या, बुधवारी झालं की बुध्या. नाव शोधायला आईबापांचं डोकं शिणत नाही. शिणतं ते टपाल वाटणाऱ्याचं. जव्हारकडच्या वावर गावाच्या बाजूला माझ्या ओसरीतच टपालकचेरी आहे, ती मीच सांभाळते, आणि पत्त्यावर नुसतं ‘मंगळ्या’ दिसलं की माझं कपाळ उठतं.

पाड्यांवर पोस्टमन रोज जात नाही. गेला तर परत येईस्तोवर दिवस मावळतो. म्हणून बाजाराच्या दिवशी त्या वाटेने जाणाऱ्या कोणाच्याही हाती टपाल द्यायचं, ही इथली रीत. तोवर साधी चिठ्ठी हरवली नव्हती. अठ्ठ्याण्णव साली, जूनच्या तोंडावर, दिपिकाचा बूट मात्र हरवला.

दिपिका ही मंगळ्याची मुलगी. पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडलेला. जव्हारच्या शिबिरात डॉक्टरांनी माप घेतलं होतं. सळयांचा बूट मुंबईहून टपालाने यायचा होता. आश्रमशाळेत सांगितलेलं, पोरगी पाण्याला आणि जेवायला आपल्या पायाने गेली, तरच नाव घालू. शाळा सोमवारी उघडणार होती. मंगळ्या दर बाजारी येऊन ओसरीच्या कडेला नुसता उभा राही. त्याच्या न बोलण्याचाच मला राग येई.

“अरे, तोंड आहे ना तुला? विचार की!”

“आला असता तं तू दिला असता ना, बाय.”

शेवटी मी पोस्टमन हेमंतला धारेवर धरलं. पार्सल केव्हाच, मी घरी नसताना आलं होतं. ‘मंगळ्याला दे’ म्हणून त्याने ते बाजारातून परतणाऱ्या रघ्याकडे दिलं, आणि रघ्याने ते दिलं ओहळापलीकडच्या म्हाताऱ्या मंगळ्याला. “मंगळ्यालाच दिला की!” असं वर रघ्याचं म्हणणं. त्यात खोटं काय होतं?

रविवारी आम्ही निघालो. मी, मंगळ्या, आणि त्याच्या खांद्यावर दिपिका.

म्हाताऱ्याच्या घरात पार्सल आढ्याला टांगलं होतं, बियाण्याला राखलेल्या वाळक्या दोडक्यांशेजारी. कापडाची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. त्याचा मुलगा पांड्या भिवंडीला कामाला गेला तो परतलाच नाही. “पांड्याचा काय आला?” म्हणून म्हातारा दर बाजारी विचारायचा आणि मी मान वर न करता ‘नाही’ म्हणायचे. अलीकडे त्याचं विचारणं बंद झालं होतं. मला वाटलं होतं, सुटला बिचारा, विसरला.

“बाबा, हे तुमचं नाही. दवाखान्यातून आलंय.”

“मंगळ्या मीच ना? पांड्याने धाडलाय. तो येल, मंग सोडीन.”

मी सरळ हात वर केला, ओढून काढायला. मंगळ्याने मला अडवलं. “राहू दे, बाय. त्याच्या घरातला हाय. तो दील तं घेऊ.”

मला अशी चीड आली! शाळा उद्यावर आलेली, आणि याचं आपलं भलतंच.

दिपिका मात्र बापाच्या खांद्यावरून खाली उतरली. हातांवर भार देत, पाय ओढत ती पार्सलाखाली गेली आणि वर बघत बसली. म्हातारा तिच्या पायाकडे बघत राहिला. मग उठला, कोयत्याने दोरी कापली आणि शिवण उसवली. आतून एवढासा बूट निघाला, दोन्ही बाजूंना सळया. म्हाताऱ्याने तो उलटा करून झटकला. कापडही झटकून पाहिलं. आणखी काही नव्हतं.

बूट त्यानेच तिच्या पायात घातला. पट्टे कसे लावायचे ते आम्हा कोणालाच कळेना; सगळ्यांचे हात एकमेकांत अडकले आणि दिपिका खुदकन हसली. मेढीच्या खांबाला धरून ती उभी राहिली. मग मेढ सोडली आणि दोन पावलं टाकली. मंगळ्या तोंड फिरवून रडला. मीही रडले, त्यात लाज कसली!

निघताना म्हातारा दारापर्यंत आला. सरकारी माल समजून त्याने रिकाम्या कापडाची नीट घडी करून माझ्या हातात ठेवली.

“नीताबाय, हा तिचा होता. मंग माजा अजून वाटंलाच असल?”

इतकी वर्षं त्याला ‘नाही’ म्हणायला मला विचार करावा लागला नव्हता. त्या दिवशी मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“वाटेतच असेल, बाबा,” मी म्हटलं. “बाजारी येऊन विचारत जा.”