शिवम्माच्या म्हशीची वैरण

मी कोयता बोलतोय. दचकू नका, बसा. कोडोलीच्या लोहारानं मला ट्रकच्या जुन्या पाट्यातनं घडवलं आणि आकारामच्या हातात दिलं. ऊस आणि वैरण कापायची, एवढंच माझं काम. पण हल्ली मला बघितलं की माणसांच्या मनात आधी भलतंच येतं.

गेल्या हंगामात आकारामचा पोरगा आदर्श कागलच्या कंपनीतनं मोटारसायकलवर घरी येत होता. वाटेत गावातल्याच मल्लेशनं उसाची ट्रॉली मागं दिवा न लावता उभी केलेली. अंधारात पोरगा तिच्यावर आदळला आणि जागेवर गेला. मल्लेश आपणहून पोलिसांत हजर झाला. मागल्या गल्लीत त्याची आई शिवम्मा दार लावून बसली.

माती देऊन आल्यावर आकाराम मला दगडावर घासायला लागला. भावकी जमली.

"घर पेटवायचंच!" हंबीरराव ओरडला. घर दुसऱ्याचं असलं की पेटवायला माणसं कमी पडत नाहीत.

तिकडं शिवम्माची म्हैस सकाळपासनं ओरडत होती. आदर्शची आई धोंडुबाई उठली, नवऱ्याच्या हातातनं मला हिसकावलं आणि निघाली. भावकीला वाटलं, आता बाईच मुडदा पाडणार. सगळे काठ्या घेऊन मागनं.

बाई शिवम्माच्या घरामागच्या परड्यात शिरली. कडवळ कापलं, म्हशीपुढं टाकलं आणि दारावर थाप मारली.

"शिवम्मा, भाईर ये. म्हशीची कास भरलीया. मला सुतक हाय, धार तूच काढ."

दार किलकिलं झालं. "आक्का, माझ्या पोरानं तुझा पोरगा..."

"ठावं हाय मला. मुक्या जनावरानं काय केलंय?" मग ती भावकीवर खेकसली, "बघताय काय? आलाय तर पाणी तरी आणा की!"

हंबीररावानं काठी ठेवली आणि बादली उचलली. धोंडुबाईनं म्हशीच्या पाठीवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली.

पुढं आकाराम रोज तिथं वैरण कापायला यायचा. मल्लेशचं नाव मात्र काढायचा नाही. मल्लेश जामिनावर सुटून परड्यात आला, तेव्हा मी आकारामच्या मुठीत होतो. मूठ आवळली. खरं सांगतो, मी भ्यालो.

आकारामनं मला उलटा धरला. पातं आपल्याकडं, मूठ मल्लेशकडं.

"धर. उद्यापासनं दोन्ही घरची वैरण तू कापायची."

एवढं बोलून तो मल्लेशकडं पाठ करून खाली बसला आणि टॉवेलात तोंड खुपसून रडला.

सध्या मी मल्लेशकडं असतो. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. डोकं फिरलं की त्याला खुशाल उचला. पण आधी बघा, शत्रूच्या गोठ्यात वैरण हाय का न्हाय.