केवळाबाईचे गुडघे

कापसाच्या काट्याच्या एका पारड्यात केवळाबाई पाय मुडपून कशीबशी बसली होती आणि दुसऱ्या पारड्यात तिची सून, मुलगा उद्धव याची बायको विमल, एकेक वजन चढवत होती. दोन मण झाले. वर अठरा शेर झाले. काटा काही सरळ होईना. बावीस शेरांवर तो एकदाचा थांबला, तेव्हा विमलनं मान खाली घातली. केवळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग यायला कारण होतं. अडीच महिन्यांपूर्वी याच पारड्यात ती दोन मण अठरा शेर भरली होती. तेव्हापासून सकाळी अर्धी भाकर, सांजेला अर्धी भाकर आणि सोबत अंबाडीची नाहीतर तांदुळज्याची भाजी, यापलीकडे तिच्या तोंडात काही गेलं नव्हतं. गूळ सोडला, तूप सोडलं, संक्रांतीला सगळ्यांना गुळाच्या पोळ्या वाढून स्वतः ताक पिऊन उठली. आणि फळ काय, तर चार शेर वर! वैरण तोडली की ढोरसुद्धा हाडावर येतं. मग ही बाई काय वारा खाऊन फुगत होती?

केवळाबाई चोपन्न वर्षांची. तिचा नवरा शेषेराव म्हणजे मुखेडपासून दोन कोसांवरच्या गावचा पाटील. घरात दूधदुभतं भरपूर आणि कामाला माणसं भरपूर, त्यामुळे गेल्या दहा वर्षांत केवळाबाईचं अंग असं सुटलं की बसलं तर उठवेना आणि उठलं तर बसवेना. वर्षभरापासून गुडघे ठणकत होते. जर्मनच्या लढाईचे दिवस होते, मोटार मिळणं मुश्कील, तरी नांदेडच्या दवाखान्यात तिला नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरनं गुडघे दाबून पाहिले आणि सरळ सांगून टाकलं, "बाई, दवा-बिवा कुछ नहीं. वजन उतारो, रोज एक कोस चलो. नहीं तो दो साल में खाट पकड लोगी."

खाट म्हटल्यावर केवळाबाई हादरली. तिची माय चार वर्षं खाटेवर पडून गेली होती. अंग इतकं जड की कूस बदलायला दोघी सुना लागायच्या, आणि कूस बदलताना दोघी नाकाला पदर लावायच्या. पाठीला जखमा झाल्या, त्यात किडे पडले. शेवटी शेवटी मायनं पाणी मागणंच सोडून दिलं, कारण पाणी प्यालं की कुणाला तरी हाक मारावी लागायची. ते मरण केवळाबाईनं जवळून पाहिलं होतं. ते आपल्याला नको, एवढंच तिचं मागणं होतं.

पण चालायचं कुठं? त्या मुलखात पाटला-देशमुखांच्या बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. गडीमाणसं खुशाल हैदराबादेपर्यंत जाऊन येत. घराण्याची अब्रू मात्र बायकांच्या पायाला बांधून घरात ठेवलेली. "पाटलाची बायको रस्त्यानं चालत निघाली तर मी चावडीत कोणत्या तोंडानं बसू?" असं शेषेरावांनी विचारलं आणि विषय मिटवला. मग केवळाबाई पहाटे माळवदावर चढून फेऱ्या मारू लागली. चार दिवसांत चावडीवर कुणीतरी चेष्टा केली, "पाटील, माळवदावर राखनदार ठेवला का काय?" झालं! माळवदाची माती उखडते, पावसात घर गळेल, म्हणून तेही बंद. शेवटी गोठ्यात गव्हाणीच्या कडेनं ती रोज शंभर येरझाऱ्या घालू लागली. म्हशी पहिले आठ दिवस मान वळवून बघायच्या. पुढे त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

एवढं करून चार शेर वर. केवळाबाई पारड्यातून उतरली ती मनात संशय घेऊनच. दुपार कलताना, विमल सांजेच्या भाकरीचं पीठ मळायला बसली तेव्हा ती पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आणि तिनं पाहिलं. सगळ्यांसाठी मळलेलं पीठ एका बाजूला होतं. काटवटीत सासूपुरतं वेगळं मूठभर पीठ घेऊन विमल त्यात पातळ केलेलं तूप ओतत होती. शेजारी भाजीच्या भगुल्यात शेंगदाण्याचं कूट ढीगभर पडलं होतं, आणि ताकाच्या लोट्यात साय घोटून ठेवलेली होती.

भाकर अलीकडे मऊ लागते खरी, नवी ज्वारी गोड निघाली असेल, असं केवळाबाईला वाटत होतं. अडीच महिने तिनं जीव मारला होता आणि इकडे घर तिला गपचूप चारत होतं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं तर आंधळ्यालाच ते पीठ भरवत होते.

"कवापासून?" केवळाबाईनं विचारलं.

विमलनं तुपाची वाटी खाली ठेवली. "आत्याबाई... संक्रांतीपासून. मामंजींनी सांगितलं."

"कामून?"

"मुखेडच्या बाजारात बायका म्हनून राहिल्या, का किशनरावांची लेक सासूला उपाशी वाळवायली. माझ्या बाबांच्या कानावर गेलं. ते लई शरमले. त्यांनी मामंजींकडं तुपाचा डेरा धाडला. मामंजी मला म्हनले, आत्याबाईला कळू द्यायचं न्हाई."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं घोड्याऐवजी तूप आलं होतं, एवढाच फरक.  पाच महिन्यांची पोटुशी पोर, बाजारातल्या बायकांनी तिला फाडून खाल्लं असणार. सासू वाळली की सून छळते, आणि सासू फुगली की सून सोन्यासारखी, असा त्या बायकांचा हिशेब. विमलवरचा निम्मा राग तिथंच ओसरला. उरलेला केवळाबाई ओसरीवर घेऊन गेली आणि तो वाटेत दुप्पट झाला.

शेषेराव तक्क्याला टेकून चहा पीत होते.

"तुमी मला फसविलं," केवळाबाई म्हणाली.

काय झालं ते त्यांना लगेच कळलं. पण ते ढिम्म हलले नाहीत. "फसविलं न्हाई, जगविलं. गालफडं बसली असती तर लोक काय म्हनले असते? पाटलाच्या घरी खायाला न्हाई म्हनले असते."

"अन् मी खाटेला खिळल्यावर लोक येनार हायत का माझी कूस बदलायला?"

"लोक कशाला? सून हाय की."

हे ते बोलले नसते तर बरं झालं असतं. केवळाबाईला नाकाला पदर लावलेल्या दोन बायका दिसल्या आणि तिचा तोल गेला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता, त्याची सगळी भरपाई तिनं त्या सांजेला केली. तुमाला बायको नको, भरलेलं पोतं पायजे, म्हणाली. चार लोकांनी बघावं म्हणून दारात उभं करायचं पोतं. पोत्याला गुडघे नसतात, म्हणून तुमाला ते सोईचं. शेषेराव "अगं हळू, अगं हळू" म्हणत दाराकडे बघत राहिले. त्यातही त्यांचं लक्ष बाहेर कोण ऐकतं यावरच, हे पाहून ती आणखी भडकली.

मग तिनं केलं ते त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. अंगणात जाऊन तिनं तीन दगड मांडले, दोन गोवऱ्या पेटवल्या आणि तवा ठेवला. भाऊ भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते. नवरा जिता असताना बायकोनं वेगळी चूल मांडायची, म्हणजे घर फुटल्याची दवंडीच. "आजपासून माझं पीठ मी मळीन," ती म्हणाली. "अन् उद्यापासून मळ्यातल्या हिरीपस्तोर पायी जाईन. एक कोस भरतो."

"उंबरा वलांडलास तर..."

"तर काय?"

शेषेरावांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. बायकोला दारात अडवावं तर तमाशा गल्ली बघणार. न अडवावं तर चावडी हसणार. पण पाटीलकी काय उगीच केली होती? त्यांनी पागोटं चढवलं आणि तसेच चावडीवर गेले.

सकाळी केवळाबाईनं पदर खोचून दार उघडलं तेव्हा ती भांडायच्या तयारीनंच बाहेर पडली होती. कुणी हसलं, कुणी बोट दाखवलं, तर काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. पण कुणी हसलं नाही. लोक वाटेतून बाजूला झाले. एका म्हातारबानं हात जोडले. वेशीपाशी दोन बायकांनी तिच्या पायावर पाणी घातलं आणि हळदीकुंकू वाहिलं. तिला काही उमजेना. परत आल्यावर विमलनं सांगितलं: मामंजींनी चावडीवर जाहीर केलं होतं, की पाटलीणबाईंनी माहूरच्या रेणुकाईला नवस बोललाय. सव्वा वरीस स्वतःच्या हातची अर्धी भाकर आणि रोज पायी चालणं.

बाईला गुडघ्यांसाठी चालायला रस्ता नव्हता. देवीसाठी चालायचं म्हटल्यावर सगळा गाव भिंतीला चिकटून वाट देत होता. केवळाबाईला या गोष्टीचा जितका राग आला तितका तुपाचाही आला नव्हता. पण ती गप्प बसली. का बसली? कारण पाय चालत होते. खोट्याच्या आधारानं का होईना, रोज एक कोस पायाखालून जात होता. महिनाभरात सकाळची कळ कमी झाली. विहिरीच्या चार पायऱ्या ती कठड्याला न धरता उतरू लागली. शेषेराव मिशीला पीळ देत म्हणाले, "बग, तुजे गुडघे बी ऱ्हायले अन् माजी अब्रू बी ऱ्हायली." ती अंगणातल्या चुलीकडे वळली. हे सुख आपण चोरून खातोय, असं तिला रोज वाटत होतं.

एका मंगळवारी ती वेशीजवळ आली तर तारामती रस्त्यात आडवी पडून तिच्या पाया पडली. तारामती गावातल्याच एका कुणब्याची बायको, साठीची, अंगानं तिच्याएवढीच थोराड. पाया पडली ती तिला उठताच येईना. वेशीतल्या दोन बायकांनी बगलेत हात घालून तिला उभी केली तेव्हा लुगडं घोट्यापर्यंत रक्तानं माखलेलं दिसलं.

"हे काय गं?" केवळाबाईनं विचारलं.

"माय, तुला देवी पावली. माझे बी गुडघे गेलेत, दोन वरसं झाली," तारामती कण्हत म्हणाली. "म्हून मी बी नवस बोलले. तू पाटलीण, तुझं चालून भागतं. मी गरीब, मला जास्तीचं करावं लागंल. नऊ दिवस घरून देवळापस्तोर गुडघ्यावर रांगत जाणार. आज तिसरा."

भोवती बायका जमल्या होत्या. समोर चावडीच्या कट्ट्यावर शेषेराव बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते डोळ्यांनी आणि मानेनं केवळाबाईला खुणावत होते: काही बोलू नकोस. बोलली तर काय होईल, हे तिला ठाऊक होतं. नवस गेला की रस्ता गेला. पुन्हा गोठा, पुन्हा गव्हाण, आणि दोन वर्षांनी खाट. तिनं तारामतीच्या लुगड्याकडे पाहिलं. त्या फुटलेल्या गुडघ्यांमध्ये तिचा एक महिन्याचा गप्पपणा होता, आणि त्याची तिला इतकी चीड आली की बाकीचं सगळं मागं पडलं.

"नवस-बिवस काई न्हाई!" ती ओरडली. "आइका समद्याजणी. मी जाड झाले, माझे गुडघे दुखायले, नांदेडच्या डाक्तरनं चाल म्हनून सांगितलं, म्हून मी चालून राहिले. देवीला मी काई बोलले न्हाई, अन् देवीनं मला काई मागितलं न्हाई. तारामती, तू जर पुन्हा रांगलीस तर मी तुझ्या दारात येऊन बसीन. कमी खा अन् सरळ पायावर चाल. बस, एवढंच हाय."

 एक बाई हातातलं कुंकवाचं तबक तसंच घेऊन मागं सरकली. शेषेराव कट्ट्यावरून उतरले आणि लोकांच्या नजरा चुकवत जवळ आले. चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"घरी चल, उद्धवच्या माय," ते दातओठ खात पुटपुटले. "गावापुढं मला खोटं पाडलंस. आता लोकांना काय सांगू मी?"

"बायकोचे गुडघे दुखतात म्हनून सांगा," केवळाबाई म्हणाली. "वरीस झालं. एकदा तरी तुमच्या तोंडून निघू द्या."

शेषेराव मागं वळून जमलेल्या लोकांकडे बघायला लागले. ती थोडा वेळ थांबली. खरंच थांबली; ते म्हणाले असते तर ती तशीच घरी फिरली असती. ते पागोटं सारखं करत राहिले. मग तिनं तारामतीला घरच्या दिशेनं लावून दिलं आणि स्वतः मळ्याची वाट धरली.