उलट्या बादलीखालचं अंजीर

मित्रांनो, बादली दिसली की तुम्ही आधी तिच्या आत डोकावता. माझ्या आत बघायचं तर तुम्हाला वाकावं लागेल. मी टोरांटोमधली एक जुनी, प्लास्टिकची बादली आहे आणि वर्षातले पाच महिने मी उलटी असते.

कारखान्यातून मी पोटात भिंतीची पुट्टी घेऊन एका बांधकामावर आले. पुट्टी संपली आणि माझ्या बहिणी कचऱ्यात गेल्या. मला मात्र नुन्झियो नावाच्या गवंड्यानं घरी नेलं, कारण त्याच्या परसात अंजिराचं झाड होतं. इटलीतलं गाव सोडताना त्यानं आईच्या झाडाची एक फांदी आणून लावली होती. इथला बर्फ त्या बिचाऱ्या झाडाला सोसेना. म्हणून दर नोव्हेंबरात नुन्झियो त्याच्या फांद्या दोरीनं आवळायचा, भोवती रजई, गालिचा, ताडपत्री गुंडाळायचा आणि पाणी आत उतरू नये म्हणून वर मला टोपीसारखं घालायचा. एका वर्षी बायकोचा लोकरी कोटही गेला.

"मी काय घालू?" तेरेसिनानं विचारलं.

"तू घरात असतेस. ते बिचारं बाहेर असतं."

मलाही सारखा घोर लागायचा. मी वाऱ्यानं उडाले तर? दोरी सैल झाली तर? रजई ओली तर नाही ना झाली? पण इतकं जपूनही ते झाड फळ पिकवत नसे. गावाकडच्या लांबलचक उन्हाळ्याची त्याला सवय होती, आणि इथला उन्हाळा फळं पिकण्याआधीच संपायचा. ऑक्टोबरातही फळं हिरवी, गोटीसारखी कडक!

कुंपणापलीकडे आगाता राहायची. तिचं झाड लवकर पिकणाऱ्या जातीचं. ऑगस्ट सरता सरता तिची टोपली भरायची.

"नुन्झियो, यंदा लोणचं घाल हो तुझ्या अंजिरांचं!"

"आईचं झाड आहे. त्याला घाई नाही."

"तुझ्या आईलाही नव्हती का रे?"

आणि एका नोव्हेंबरात गावाहून फोन आला. नुन्झियोचा धाकटा भाऊ कोझिमो पुढच्या उन्हाळ्यात येणार होता. तेरेसिना घाबरली, कारण गेली तीस वर्षं नुन्झियो भावाला सांगत आला होता की शेजाऱ्यांना अंजिरं वाटून वाटून हात दुखतात.

"आता काय दाखवणार त्याला?"

"यंदा पिकतील."

त्याच आठवड्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नुन्झियो दवाखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी तेरेसिना आणि आगाता फावडी घेऊन आल्या. मला उचलून बाजूला ठेवलं आणि मित्रांनो, मी सगळं पाहिलं. आईचं झाड निघालं, त्या जागी आगाताच्या झाडाचं तीन वर्षांचं रोप बसलं.

"सासूबाईंचं झाड आहे. टाकायचं नाही हं," तेरेसिना रडवेली झाली.

"टाकते कशाला? कुंडीत लावते. माझी सासू अठ्ठावीस वर्षं सांभाळली, तुझी काय जड आहे?"

मग पुन्हा रजई, गालिचा, ताडपत्री आणि वर मी.

वसंतात नुन्झियोनं मला काढलं आणि किंचाळला, "अरे देवा! थंडीनं अर्धं खाल्लं!" झाड त्याच्या कमरेएवढंच उरलं होतं. तेरेसिना स्वयंपाकघरात तासभर एकच कणीक मळत राहिली.

पण ऑगस्टअखेर त्यावर सात अंजिरं पिकली. जांभळी, माना टाकलेली, बुडाशी मधाचा थेंब. नुन्झियोनं गल्लीतल्या प्रत्येकाला हात धरून आणून दाखवली. कोझिमो आला. परसात टेबल मांडलं. त्यानं एक अंजीर उकललं, आत लालभडक. नुन्झियो भावाच्या तोंडाकडे बघत होता, तेरेसिना जमिनीकडे.

कोझिमोनं सावकाश चावलं. गिळलं.

"आईचंच," तो म्हणाला.

नुन्झियो वाईन आणण्याचं निमित्त करून डोळे पुसत आत गेला. कोझिमो लगेच वाकला.

"वहिनी, आईचं अंजीर आतून पांढरं असतं. ते झाड माझ्या दारात आहे."

"भाऊजी, हळू बोला!"

"आणि ते इतकं गोड कधीच नव्हतं." त्यानं बोट चाटलं. "मला याची एक फांदी द्या."

परत आलेल्या नुन्झियोनं तेवढंच ऐकलं. "तुझ्याकडे आहे की अख्खं झाड!"

"तुझ्या हातची हवी, दादा."

नुन्झियोची छाती फुगली. फांदी त्यानं स्वतः कापली, ओल्या कागदात गुंडाळून, विमानतळावर सापडू नये म्हणून भावाच्या मोज्यात कोंबली. आता ती गावात लागली आहे म्हणे, आणि लोक तिला नुन्झियोचं अंजीर म्हणतात.

मित्रांनो, पुन्हा नोव्हेंबर आला आहे. माझ्या खाली सगळं उबदार आहे. पण कुंपणापलीकडच्या कुंडीत आईचं झाड हिरव्या गोट्या घेऊन उभं आहे. आगातानं त्याला चादर गुंडाळली आहे, डोक्यावर मात्र काही नाही. फळ न देणाऱ्या झाडालाही थंडी तेवढीच वाजते. तुमच्याकडे एखादी जुनी बादली असेल तर फेकू नका. आगाताच्या कुंपणावरून आत टाकली तरी चालेल. फक्त नुन्झियो जेवायला बसल्यावर टाका.