सोनूबाईंची बेचाळीस मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. माझा जन्म धावणाऱ्यांसाठी झाला. आता माझा मुक्काम पाय हलवता न येणाऱ्यांजवळ असतो.

रत्नागिरीच्या एका शाळेत मी बावीस वर्षं शंभर मीटरच्या शर्यती मोजल्या. पहिला येणारा स्वतःच्या पायांचं कौतुक करायचा, शेवटचा माझ्यावर संशय घ्यायचा. मग डिजिटल घड्याळं आली आणि माझी रवानगी कपाटात, मैदानावर रेघा आखायच्या फक्कीच्या डब्याशेजारी झाली.

तिथून मला डॉ. शुभंकर यांनी सोडवलं. ते याच शाळेचे विद्यार्थी, आता भूल देणारे डॉक्टर. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायच्या दोन औषधांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. जुन्याचा अंमल सावकाश उतरतो, नव्याचा लवकर. किती लवकर, ते मोजायचं होतं. आधी मोबाईलवर मोजून पाहिलं, पण ऐन वेळी कोणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो यायला लागले.

नियम कडक होते. कुपीवर फक्त आकडा; आत कुठलं औषध, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सुई दिली की शमिका सिस्टर माझी कळ दाबायची. पेशंटचे डोळे मिटलेले. पावलाला लावलेला कापसाचा गार बोळा त्याला कळला, की पुन्हा कळ.

एके दिवशी सकाळी सोनूबाई आल्या, खाडीपलीकडच्या, गुहागर तालुक्यातल्या. घोट्याजवळची गाठ काढायची होती. ती वीस मिनिटांत निघाली. त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष दाराकडे.

बेचाळिसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "कळतंय गो बाय! गार लागलं. सोड आता."

डॉक्टरांनी पेन उचललं. एवढा देखणा आकडा त्यांना महिनाभरात मिळाला नव्हता. सोनूबाई कोपरावर रेटून उठू लागल्या, आणि त्यांचा डावा पाय खाटेच्या कडेवरून हळूच खाली घसरला. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

सिस्टरचा अंगठा माझ्या कळेवर होता. तो दाबला गेला असता, तर सोनूबाई उभ्या राहिल्या असत्या आणि फरशीवर आपटल्या असत्या. शिवाय पुढच्या पेशंटनाही कोणीतरी त्याच आकड्यावर उभं केलं असतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब सेकंद तोच.

सिस्टरने पाय उचलून आत घेतला. "डोळे मिटा, मावशी. आता कळतंय?"

"कळतंय की! चांगलं गारेगार."

बोळा ट्रेमध्येच होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, बोळा लावलाच नव्हता. खोटं कशाला बोललात?"

"तुमी एवढं दहादा इचारताव, नाय कसं म्हनायचं?" सोनूबाईंचा आवाज बारीक झाला. "आनि माजी म्हस आज व्यायची हाय. मी नसले तर ती कोनाला जवल येव देत नाय. मागल्या खेपेला रेडकू अडकलं नि मेलं. मला दुपारची फेरीबोट गाठायची हाय."

"घरी कोण आहे?"

"बाबल्या. माजा दीर. ती त्याला लाथ मारते."

सिस्टरने फोन लावला. "बाबल्याकाका, वहिनींचं रोजचं लुगडं दांडीवर असेल. ते अंगावर घ्या, डोक्यावरून पदर घ्या, मग गोठ्यात जा."

पलीकडून बाबल्याकाका म्हणाले, "शेजारी बघतील वो."

"शेजारी व्यायला आले नाहीत ना?" सिस्टरने फोन ठेवला.

माझा छोटा काटा अर्ध्या तासात एक फेरी घेतो. प्रत्येक फेरीला सिस्टर कागदावर एक रेघ ओढते. दुसरी रेघ झाली, तिसरी झाली. दुपारची फेरीबोट गेली. फोन वाजेना. सोनूबाई छताकडे बघत होत्या आणि बोळा लावला की प्रामाणिकपणे "नाय" म्हणत होत्या. पाचवी रेघ. सहावी.

वर वीस मिनिटं झाली, तेव्हा त्या दचकल्या. "गार!" सिस्टरने पुन्हा लावला, न लावताही विचारलं, आणि मगच माझी कळ दाबली. डॉक्टरांनी तीन तास वीस मिनिटं लिहिली. देखणा आकडा नव्हता, पण खरा होता.

चार वाजता फोन आला. "पारडी झाली," बाबल्याकाका म्हणाले. "दोघी बऱ्या हायत. पन आता म्हस मला लुगडं सोडू देत नाय."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला रोज थोडी चावी द्या, कोरड्या जागी ठेवा. आणि कोणी तुमच्या भिडेखातर किंवा घरच्या ओढीने "कळतंय" म्हणालं, तर कळ दाबायची घाई करू नका. बोळा कुठे आहे, ते आधी बघा.