काळजी मोजणारी नळी

मी लाल टोपणाची, बोटाएवढी नळी बोलतेय. नळीला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणाल. अहो, थोडकंच आहे, ऐकून तर घ्या!

कारखान्यात आम्ही ढिगाने जन्मलो. तिथून खोक्यात आणि खोक्यातून अतिदक्षता विभागाच्या खणात. बहिणी भराभर कामाला लागल्या, मी आपली तळाशी. वाटलं, आपला जन्म फुकटच जाणार.

एका दुपारी सिस्टरने मला उचललं. खाटेवर न्यूमोनियाने बेशुद्ध झालेले एक आजोबा होते. औषधांवर औषधं चालू होती, पण रक्तदाब काही वर येईना.

"आधी कॉर्टिसॉलसाठी रक्त घ्या, मग लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "क्रम चुकला तर आकडा खोटा येईल. आणि आकडा चांगला आला तर उद्या इंजेक्शन बंद करू."

खाटेशी उभ्या असलेल्या आजी कावल्या. "आधी इंजेक्शन द्या की! रक्त काय पळून जातंय?"

"एक मिनिट, आजी. दुखण्यात शरीर स्वतःच एक रस सोडतं. शरीराला लागलेली काळजीच म्हणा ना. ती किती आहे ते बघायचंय."

"काळजी? आणि यांना? घराला आग लागली तरी आधी चहा संपवतील हे!" म्हणता म्हणता आजींनी पदर डोळ्यांना लावला.

माझ्यात ऊन ऊन रक्त भरलं आणि माझा आजोबांवर जीव जडला.

प्रयोगशाळेतल्या काकांना सगळे 'पुन्हा बघू' म्हणतात. त्यांचा स्वतःच्या चष्म्यावरही विश्वास नाही. त्यांनी मला गरागरा फिरवलं, वर आलेला पिवळसर द्राव यंत्राला दिला आणि आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या आजारी माणसात कॉर्टिसॉल भरपूर हवं, इथे तर नावालाच होतं.

त्यांनी फोन लावला. "सिस्टर, सलाइनच्या हातातून घेतलंत का? पाणी मिसळलंय वाटतं."

"नाही हो काका, दुसऱ्या हातातून. मी स्वतः घेतलंय."

"पुन्हा बघू."

माझ्यात उरलेलं त्यांनी पुन्हा तपासलं. मी जीव मुठीत धरून होते. आकडा तोच आला.

संध्याकाळी सिस्टर येऊन सांगून गेली. डॉक्टरबाईंनी खोदून विचारल्यावर आजींनी पिशवीतून गुडघेदुखीच्या गोळ्या काढल्या. कुणा ओळखीच्याने दिलेल्या, आजोबा त्या वर्षानुवर्षं घेत होते. डॉक्टर रागावतील म्हणून आजींनी त्या लपवल्या होत्या. त्या गोळ्यांत स्टेरॉइड होतं. आयतं मिळतंय म्हटल्यावर आजोबांचं शरीर स्वतःचा रस करायचंच विसरलं, आणि दवाखान्यात आल्यावर गोळ्या अचानक बंद पडल्या. आकडा खोटा समजून दुसऱ्या दिवशी इंजेक्शन थांबवलं असतं तर आजोबा हाती लागले नसते. आता ते चालूच राहणार होतं.

मला फ्रिजमध्ये ठेवलं. गारठून गेले, पण कान दाराकडेच. काही दिवसांनी सिस्टर धावतच आली.

"काका, ते आजोबा शुद्धीवर आले! पहिलं काय बोलले सांगू? आजींकडे बघून म्हणाले, 'तू जेवलीस का गं?'"

जन्मभर त्यांना बेफिकीर म्हणणाऱ्या आजी म्हणे हमसून हमसून रडल्या.

आता माझी मुदत संपलीय. एवढंच मागते, घरात कसलीही गोळी चालू असू दे, डॉक्टरांना सांगा. रागावले तर रागावू देत.

आज काकांनी मला टाकायच्या पिशवीवर धरलं आणि माझ्या अंगावरच्या चिठ्ठीवरचं आजोबांचं नाव वाचलं. नेहमीचं 'पुन्हा बघू' ओठांवर आलं असेल, पण ते म्हणाले नाहीत. मला अलगद खाली सोडलं आणि चष्मा पुसत बसले.