खाटेखालचा राखेचा डबा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक डबा समोर आणा. पत्र्याचा, काठाला गंज चढलेला. तळाशी चुलीतली राख, राखेवर घट्ट हिरवट थुंकी आणि तिच्यावर बसलेल्या माशा. किळस आली ना? येऊ द्या.

यावलजवळच्या एका गावात अकरा वर्षांची मोनाली तो डबा रोज सकाळी केळीच्या बागेच्या बांधावर रिकामा करायची. श्वास रोखून, मान वळवून. डबा तिच्या आजोबांचा, जीवराम आबांचा. आबा दिवसरात्र खोकायचे, पण तो बिडीचा खोकला आहे, असं घरात ठरलेलं होतं. सारिकाआत्याची सोयरीक जुळत होती, तेव्हा घरात दुसऱ्या कुठल्या आजाराचं नावच काढायचं नाही.

तीन महिन्यांपासून मोनालीला जेवण नको झालं होतं. घास तोंडाशी नेला की डबा आठवायचा, म्हणून ती सगळा दोष डब्यालाच द्यायची. पण रोज संध्याकाळी अंगात कणकण यायची. पोट दुखायचं. कधी चार दिवस शौचाला व्हायचं नाही, तर कधी दिवसातून पाच वेळा पाण्यासारखं आणि घाण वासाचं. हे कुणाला सांगायचं म्हटलं तरी तिला शिसारी यायची. हातपाय काड्यांसारखे झाले, पोट मात्र टम्म.

"भरताच्या वांग्यासारखं पोट झालं व तुझं!" आत्या हसायची. "जंत झाले तुले."

जंताचं औषध दोनदा देऊन झालं. बेंबी सरकली म्हणून शेजारच्या भागाबाईने पोटावर एरंडेल चोळलं. त्या वासानेच मोनालीला उलटी झाली. शेवटी तिची आई नूतन हट्टाला पेटली, तेव्हा वडील अभिमन दोघींना घेऊन जळगावला गेले.

डॉक्टरबाईंनी मोनालीला कुशीवर वळवून बोटांनी पोट वाजवून पाहिलं. आत पाणी साचलं होतं. सोनोग्राफीत पाणी दिसलं आणि आतड्यांजवळच्या सुजलेल्या गाठीही दिसल्या. छातीचा फोटो स्वच्छ होता. सुईने थोडं पाणी काढलं, तर ते गोमूत्रासारखं पिवळट. मोनालीने तोंड फिरवलं.

"टीबीची शंका येते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"टीबी? ती तर खोकतसुद्धा नाही!" अभिमन म्हणाले.

"पोटाच्या टीबीत बहुतेक वेळा खोकला नसतो. आणि या पाण्यात जंतू सापडतीलच असंही नाही. म्हणून नीट आठवून सांगा, घरात कुणी खोकतं का?"

"नाही," अभिमन म्हणाले.



"मग दुसरे आजारही तपासावे लागतील. त्यात वेळ जाईल, आणि हिच्या अंगात ताकद उरलेली नाही."

मोनालीला पुन्हा मळमळलं. या वेळी डब्याने नाही, वडिलांच्या त्या 'नाही'ने.

"आबा खोकतात," ती म्हणाली.

"अहो, ते बिडीचं..."

"पप्पा, डबा मी फेकते. तुम्ही नाही."

डॉक्टरबाईंनी नाक मुरडलं नाही. "थुंकीचा रंग कसा असतो गं?"

"हिरवा. कधी कधी लाल धागा असतो." मग तिने संध्याकाळचा ताप आणि शौचाचं ते सगळं घाण सांगून टाकलं. डॉक्टरबाई एकेक लिहीत गेल्या.

"तुझ्या आबांच्या खोकल्यातले जंतू हवेतून तुझ्या श्वासात गेले असतील," त्या म्हणाल्या. "तिथून ते रक्तावाटे पोटापर्यंत पोहोचू शकतात."

आठवड्याने तपासणीचे कागद आले. पाण्यातल्या पेशी, गाठी, ताप आणि घरातला खोकला, सगळं जुळत होतं. पोटाचा क्षयरोग. किमान सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस न चुकवता. आणि आबांनाही तपासणीला आणायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खाटेवर बसून खोकत होते. "मले काही झालं नाही, मी नाही येत तपासणीले," ते गुरगुरले. "मोने, डबा भरला व. फेकून ये."

मोनाली तोंडाला ओढणी बांधून वाकली. डबा तिने तिथेच राहू दिला. त्याच्यामागे सरकलेल्या आबांच्या चपला तिने ओढून काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे मांडल्या.