यशोदेचा खडक

सत्यवानाला राग यायला तसं कारण लागत नसे. इंजिनाची दोरी तिसऱ्यांदा ओढावी लागली की तो इंजिनाच्या कंपनीला शिव्या घाली, वीज गेली की वायरमनला, आणि कोणीच हाताशी नसलं की स्वतःच्या नशिबाला. तोंडवलीत त्याच्या रागाला कोणी फारसं मनावर घेत नसे. पण दोन हजार सात सालच्या ऑक्टोबरात त्याला जो राग आला, तो असा उठताबसता येणारा नव्हता. त्याला कारण होतं, आणि त्या कारणात सत्यवान स्वतःही होता. म्हणूनच तो राग आजपर्यंत गेलेला नाही.

किनाऱ्यापासून होडीने दीड तासावर, अठरा वाव, म्हणजे शंभरावर फूट, पाण्याखाली एक खडक आहे. वरून बघाल तर काही नाही, सगळीकडे सारखंच पाणी. सत्यवानाच्या वडिलांना, आबांना, तो सापडला त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं होतं, म्हणून त्यांनी त्याला बायकोचं नाव देऊन टाकलं. यशोदाबाई जाऊन बारा वर्षं झाली, पण खडक घर चालवत राहिला. घराचे नवे वासे, होडीचं इंजिन, मुलीची, सलोनीची, कॉलेजची फी, सगळं त्या खडकावरच्या तांबोशी आणि गोबरा या माशांनी दिलेलं. बाकीचे लहानसहान खडक चार दिवसांपुरते; हा गेला तर घरात दुसरं काही नव्हतं.

खडक शोधायचा तो खुणांनी. देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत बसला पाहिजे, आणि त्याच वेळी दक्षिणेला कातळाच्या सड्यावरचा एकटा वड खोताच्या घराच्या कौलांवर आला पाहिजे. दोन्ही जुळलं की नांगराचा दगड सोडायचा. ह्या खुणा आबांनी उभ्या जन्मात कोणाला सांगितल्या नाहीत. लांबवर दुसरी होडी दिसली तर ते भलत्याच ठिकाणी थांबत, गरी, म्हणजे गळ, न टाकता विडी ओढत बसत, आणि ती होडी दिसेनाशी झाली की मग निघत. आणखी एक नेम होता: गोबऱ्याच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, धरली की दोन महिने तिकडे फिरकायचं नाही. घरात तांदूळ संपला तरी नाही. एकदा खरंच संपला होता, तेव्हा यशोदाबाईंनी आठवडाभर घरात नाचणीची आंबील शिजवली, पण आबा त्या वाटेला गेले नाहीत.

सत्यवानाला खुणा माहीत होत्या असं सगळं गाव धरून चालायचं, आणि सत्यवानसुद्धा. प्रत्यक्षात वीस वर्षं तो मागे इंजिनावर बसला होता आणि आबा पुढे उभे राहून हाताने दाखवत होते. डावीकडे, उजवीकडे, थांब. सत्यवानाने बघितला तो आबांचा हात. मग आबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला, आणि डॉक्टरांनी आता गेलेली नजर परत येत नाही म्हणून सांगितलं.

त्याच सुमारास मालवणात सुदेश नावाच्या माणसाने होड्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि त्यात ते मशीन आणलं. हातात मावेल एवढा डबा, वर आकाशातल्या उपग्रहांशी बोलतो, खडकावर उभं राहून एक बटण दाबलं की जागा आत कायमची बसते. सत्यवानाने ते घेतलं. मनगटावर पहिलंवहिलं घड्याळ चढवावं तसा तो ते गळ्यात घालून बंदरावर फिरला. आबांना मात्र ते अजिबात पटलं नाही.

"खडक सांगूचो नसता रे," आबा म्हणाले. "सख्ख्या मेव्हण्यान इचारल्यान तरी सांगूचो नसता."

"मी खंय कोणाक सांगतंय, आबा? मशीनीक सांगतंय. मशीन काय माणूस आसा?"

खरं सांगायचं तर तेव्हा कोणालाही हे पटलं असतं. जी गोष्ट मेव्हण्याला सांगायची नाही, ती डब्याला सांगायला काय हरकत? डबा थोडाच बाजारात जाऊन बडबडणार होता! तर उरल्यासुरल्या नजरेने आबांनी एक हंगामभर सत्यवानाला फिरवलं आणि आयुष्यभर जपलेले त्रेचाळीस लहानमोठे खडक त्या मशीनमध्ये घातले. नावं सलोनीने घातली. एवढ्या महागाचं मशीन, पण त्यात मराठीचं एक अक्षर उमटत नव्हतं, म्हणून तिने आजीचं नाव इंग्रजीत घातलं. ती तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, "बाबा, आकडे वहीत पण उतरून ठेवया." तिने पहिलं पान लिहिलंसुद्धा.

"आणि वही कोणाच्या हाताक लागली म्हणजे? फाड ता पान!" सत्यवान तिच्या अंगावर ओरडला, आणि पान त्याने स्वतःच फाडून चुलीत घातलं. कागदाचा ज्याला भरवसा नव्हता, त्याने डब्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. ह्या माणसाला काय म्हणावं!

सुदेशने त्याचा फोटो काढून मालवणच्या साप्ताहिकात छापून आणला. गळ्यात मशीन, तोंडभर हसू, आणि खाली 'आधुनिक मच्छीमार'. सुभद्राने, म्हणजे सत्यवानाच्या बायकोने, तो अंक आचऱ्याच्या बाजारात मासे विकताना पाटीशेजारी ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

पुढच्या मे महिन्यात मशीनमध्ये खारं पाणी शिरलं. सुदेशने ते आठ दिवस ठेवून घेतलं आणि दुरुस्त करून दिलं. "काळजी करू नका, तुमचे पॉइंट, म्हणजे खडकांच्या जागा, मी आधी माझ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवले होते, एकही गेला नाही," तो म्हणाला. सत्यवानाला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्याने यशोदेच्या खडकावरचे दोन चांगले गोबरे नेऊन सुदेशच्या घरी पोचवले. ते दोन गोबरे आठवले की अजूनही तो दातओठ खातो.

पावसाळा संपला आणि बाहेरच्या मोठ्या बोटी आल्या. त्या दरवर्षीच येत, पण चाचपडत येत. ह्या वर्षी त्या थेट यशोदेच्या खडकावर येऊन उभ्या राहिल्या. एकेका बोटीवर हजार-हजार गऱ्या. गाबोळीचा हंगाम संपायला तेव्हा अजून पंधरवडा होता. खडक कुठे आहे ते त्यांना कळलं होतं, पण कधी जायचं नाही ते कळलं नव्हतं, कारण त्यासाठी मशीनला बटणच नव्हतं. पंधरवड्यात त्यांनी पोटुशा गोबऱ्यांसकट खडक धुऊन नेला. हंगाम उलटल्यावर सत्यवान तिकडून रिकाम्या हाताने परत येऊ लागला, आणि आबा रोज विचारू लागले, "खडक मासे देता मां?" तो रोज "देता" म्हणू लागला. बाजारातून विकत आणलेली तांबोशी त्याने एकदा आबांच्या ताटात वाढली, आपलीच म्हणून. आबांनी अर्धी तांबोशी ताटात तशीच ठेवली. त्यांना कळलं असावं.

मग एकदा वारा सुटला आणि त्यांतली एक बोट आसऱ्याला आचऱ्याच्या खाडीत शिरली. सत्यवान भांडायच्या तयारीनेच तिच्यावर चढला. पण तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, भला माणूस निघाला. त्याने ह्याला केबिनमध्ये बसवून चहा दिला. समोर टीव्हीएवढा पडदा होता, त्यावर निळा समुद्र आणि त्यात पेरलेले ठिपके. एका ठिपक्यापुढे सत्यवानाच्या आईचं नाव होतं.

इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण ती अक्षरं त्याने दोन हंगाम रोज बघितली होती. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ये नाम किसने डाला?" त्याने विचारलं.

"मालूम नहीं भाऊ. मालवण मार्केट का चिप है. मालिकने लिया, सब पॉइंट अंदर है," तांडेल म्हणाला, आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवान सलोनीला घेऊन सुदेशच्या दुकानात उभा होता. एसटीत त्याने मनातल्या मनात शुद्ध मराठीत चार वाक्यं जुळवली होती. दुकानात शिरताच ती चारी विसरला.

"माज्या आवशीचा नाव त्या बोटीर कसा गेला?"

सुदेश गोंधळला नाही. असल्या माणसांचं हेच तर असतं, ती कधी गोंधळत नाहीत. त्याने खुर्ची दिली. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, मशीन तुमचं. त्यातला प्रोग्राम कंपनीचा. आणि पॉइंट म्हणाल, तर ते नुसते अक्षांश-रेखांश. अक्षांश-रेखांश काय कोणाच्या बापाचे असतात?"

"माज्या बापाशीचे आसत!" सत्यवानाचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "डोळे घालवल्यान तेनी त्या पाण्यार बघून बघून! तू एक दिवस तरी खाडीच्या भायर गेलंस काय रे? तुका लाटेन ओकारी येता, आणि तू खडक विकतंस?"

सलोनीने त्याचा दंड धरला. तिने शांतपणे विचारलं, "बरं, मग आमचे पॉइंट आम्हाला कागदावर काढून द्या. आणि तुमच्या कॉम्प्युटरमधले पुसून टाका."

"त्याला केबल लागते आणि पासवर्ड लागतो. ते फक्त डीलरला मिळतात, कंपनीचा नियम आहे. आणि पुसून आता काय होणार? साठ चिपा विकून झाल्या."

"म्हणजे आम्ही घातलेलं आम्हाला काढता येत नाही, आणि तुम्हाला काढून विकता येतं," सलोनी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "हा कसला नियम? आमच्या घरात तुम्ही पेटी ठेवलीत, त्यात आम्ही आमचं सोनं ठेवलं, आणि किल्ली तुमच्या खिशात!"

"तुम्ही सही केलीय ना बिलावर? मागे सगळं छापलेलं आहे."

बिलाच्या मागे मुंगीएवढी अक्षरं होती आणि तीही इंग्रजीत. सत्यवानाला सही आठवली. दुकानात पंख्याखाली उभं राहून, मोठ्या ऐटीत केलेली. त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला. सगळ्यांत जास्त राग त्याला त्या ऐटीचा आला होता. त्याने गळ्यातलं मशीन ओढून काढलं आणि सुदेशच्या काचेच्या काउंटरवर आपटलं. एकदा, दोनदा. सलोनी "बाबा, नको!" म्हणून ओरडली तेव्हा तिसऱ्यांदा. काच फुटली आणि मशीनचे तुकडे झाले.

सुदेशने काचा बाजूला सारल्या. "काचेचं राहू द्या," तो गोड आवाजात म्हणाला. "नवं मशीन घ्यायला याल ना, तेव्हा तुमचे पॉइंट मी फुकट भरून देईन. तुमचेच आहेत ते."

असला चोर परवडला, पण असला उदार माणूस नको! सत्यवान तिथून निघाला तो तडक साप्ताहिकाच्या कचेरीत. संपादकांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि समोरचा अंक उगाच घडी करून बाजूला ठेवला. त्याच्या शेवटच्या पानावर सुदेशच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात होती, दर आठवड्याची. "तुमचा फोटो आम्हीच छापला होता," संपादक म्हणाले. "आता त्याच्या उलट कसं छापणार? वाचकांचा घोळ होईल." सलोनीने काही उत्तर द्यायच्या आत सत्यवान जिना उतरून खाली गेला होता. शिव्या घालायलाही त्याच्याकडे दम उरला नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने आबांना सगळं सांगितलं. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सकाळी जा. खडक खंय जाता? थोडे गोबरे ऱ्हवले असतीत. कळस खिंडीत बसलो काय दक्षिणेक बघ, वड कौलार इलो काय दगड सोड."

सकाळी सत्यवान एकटाच गेला. कळस सापडला, खिंडही सापडली. दक्षिणेला सड्यावर वड नव्हता. मशीन आल्यापासून सत्यवानाने किनाऱ्याकडे धड बघितलंच नव्हतं; वड कधी तोडला कोण जाणे, तिथे मोबाइलचा टॉवर उभा होता. खोताच्या घराची कौलंही दिसेनात, त्यांच्यापुढे कुठल्याशा रिसॉर्टची पांढरी इमारत आली होती. आबांच्या डोळ्यांपुढे वड अजून उभाच होता, म्हणून त्यांना सांगता आलं. सत्यवान तास दीड तास पुढेमागे करत राहिला. शिसं बांधलेली दोरी सोडून बघायचा, ती वाळूत टेकायची. चाळिशी उलटलेला माणूस स्वतःच्या बापाचा खडक हुडकत भर समुद्रात येड्यासारखा गोल गोल फिरत होता. तेल संपत आलं.

तेव्हा त्याला उत्तरेकडे तीन मोठ्या बोटी दिसल्या, एकमेकींना लागून उभ्या.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्या खडकावरच उभ्या होत्या, आणि त्याने मोठ्याने शिवी दिली, कोणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने होडीचं तोंड तिकडे वळवलं. बोटींपासून हाकेच्या अंतरावर त्याने दोरी सोडली. अठरा वावांवर शिसं टणकन दगडाला लागलं, आणि तो ठोका दोरीतून त्याच्या हातात आला. यशोदेचा खडक.

मधल्या बोटीवरून कोणीतरी त्याला बघितलं आणि हात हलवून ओरडला, "ए भाऊ! हट जाव! ये हमारा पॉइंट है! तुमको ये जगह किसने बताया?"

सत्यवानाच्या तोंडात आबांचं नाव आलं. पण आबांनी तर त्याला आज इथे पोचवलं नव्हतं. दोरी हातात तशीच धरून तो उभा राहिला, आणि त्या माणसाला द्यायला त्याच्याकडे खरं उत्तर एकच होतं: तुम्हीच.